जमीन कसणाऱ्याची, कागद दुसऱ्याचा

पौड मागे टाकून ताम्हिणी घाटाकडे निघालं की उजव्या हाताला पाणी सुरू होतं आणि बराच वेळ ते सोबत करतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्यावर पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. भाजलेली कणसं, चहाच्या टपऱ्या, धबधब्याखाली भिजणारी मुलं, काठावरची रिसॉर्ट्स. धुकं उतरलं की पलीकडचे डोंगर दिसेनासे होतात. हे तळं सह्याद्रीने आपणहून घडवलं असावं, असंच पाहणाऱ्याला वाटतं.

शंभर वर्षांपूर्वी हे तळं नव्हतं. तिथे नीला आणि मुळा या दोन नद्यांचं खोरं होतं. खोऱ्यात भाताची खाचरं होती, पन्नासहून अधिक गावं होती आणि त्यांत सुमारे 11,000 माणसं नांदत होती. 1921 ते 1924 या काळात या माणसांनी आपल्या जमिनीसाठी जो लढा दिला, तो आपण 'मुळशी सत्याग्रह' या नावाने ओळखतो. पुणे विद्यापीठातले राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आधी मराठीत आणि नंतर इंग्रजीत या लढ्यावर ग्रंथ लिहिला. इंग्रजी ग्रंथाच्या नावातच त्यांनी याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

सत्याग्रहाने महाराष्ट्राला एक सेनापती दिला. पांडुरंग महादेव बापट हे नाव मुंबई-पुण्याच्या मोठ्या रस्त्यांवर आहे, टपाल तिकिटावर आलं, शाळेच्या पुस्तकांत आलं. ते त्या मानाला पात्रच होते. पण ज्यांची जमीन बुडाली ती माणसं कशी जगत होती, काय पिकवत होती, कुणाचं देणं लागत होती आणि पाणी चढल्यावर कुठे गेली, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मला या लेखात त्या माणसांबद्दल लिहायचं आहे. माझं म्हणणं एवढंच की हा समाज पाण्याने बुडण्याच्या कितीतरी आधी वहीत बुडाला होता. धरणाने शेवटचं काम केलं.

मावळ म्हणजे सूर्य मावळतो त्या बाजूचा मुलूख, सह्याद्रीच्या माथ्यालगतची खोरी. शिवकाळात बारा मावळांची नावं घेतली जात. तिथल्या कुणब्यांच्या आणि कोळ्यांच्या पोरांनी स्वराज्याच्या पायाचे दगड रचले, हे आपण पाठ केलेलं आहे. मुळशीच्या भोवती आजही कोरीगड, घनगड, कैलासगड, तिकोना उभे आहेत. सत्याग्रहाच्या काळात वर्तमानपत्रांनी या शेतकऱ्यांना सर्रास 'मावळे' म्हटलं आणि त्या एका शब्दाने पुण्यामुंबईच्या वाचकाचं रक्त तापवलं. शेतकऱ्याच्या रोजच्या आयुष्यात मात्र गडांपेक्षा खाचराला महत्त्व होतं.

खाचर म्हणजे नुसता जमिनीचा तुकडा नसतो. डोंगराचा उतार खणून सपाट करायचा, कडेला दगडमातीचा बांध घालायचा, पावसाच्या पाण्याबरोबर वाहून येणारी माती त्या बांधाआड धरायची, दर वर्षी फुटलेला बांध सावरायचा. असं करत करत दोन-तीन पिढ्यांनी एक चांगलं खाचर उभं राहतं. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, त्यातलं त्याखालच्यात, असा उतरंडीचा मेळ बसवावा लागतो. त्यामुळे एकाचं शेत शेजाऱ्याच्या शेतापासून तोडून पाहताच येत नाही. वरच्याने बांध अडवला तर खालच्याचं भात वाळणार आणि वरच्याचा बांध फुटला तर खालच्याचं भात वाहून जाणार. गावकी टिकवण्याला इथे पर्यायच नव्हता.

वर्षाची सुरुवात राबापासून व्हायची. उन्हाळ्याच्या तोंडाला झाडांच्या डहाळ्या, शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर खाचराच्या एका तुकड्यावर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याची दिशा बघून पेटवायचं. याला राब भाजणं म्हणतात. त्या भाजलेल्या जागेत तण जळतं, राखेचं खत मिळतं आणि पहिल्या पावसावर टाकलेलं बियाणं जोमाने उगवतं. तरवा हाताशी आला की आषाढात चिखलणी. गुडघाभर चिखलात बैल, त्यांच्यामागे डोक्यावर इरलं घेतलेला माणूस आणि बांधावर मुठी बांधून ठेवलेली रोपं. लावणीचे दिवस मोजके असतात, ते हुकले की पीक हुकलं. एकट्या घराला ते झेपत नाही, म्हणून आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे अशी इर्जिक चालायची. लावणीला हात बहुतेक बायकांचे असत. दिवसभर वाकून, पाऊस पाठीवर घेत त्या खाचरामागून खाचर हिरवं करत जायच्या.

या मुलखाचं वाण म्हणजे आंबेमोहर. आखूड दाण्याचा, मऊ शिजणारा आणि शिजताना आंब्याच्या मोहराचा वास देणारा तांदूळ. पुण्याच्या पंगतीत वरणाखाली, सणाच्या नैवेद्यात, आजाऱ्याच्या पेजेत तोच. मुळशीचा आंबेमोहर ही पुणेकरांच्या स्वयंपाकघरातली जुनी ओळख आहे. तो पिकवणाऱ्याच्या ताटात मात्र वर्षाचा बराच काळ नाचणीची भाकरी आणि वरई असायची. ही पिकं डोंगरउताराच्या वरकस जमिनीत निघत. ती जमीन काही वर्षं कसून मग काही वर्षं पडीक ठेवायची, अशी रीत होती. भात पैशाचं पीक होतं. सरकारचा धारा भातातून, सावकाराचं देणं भातातून, लग्नकार्याचा खर्चही भातातूनच.

गावात फक्त जमीन कसणारेच नव्हते. मराठा-कुणब्यांबरोबर महादेव कोळी होते, धनगर होते, महार होते, रानावर जगणारे कातकरी होते. सुतार, लोहार, न्हावी, गुरव यांचा बलुत्याचा वाटा खळ्यावरच मोजला जाई. ज्याच्या नावावर जमिनीचा एक गुंठाही नाही, पण ज्याचं सगळं जगणं त्या जमिनीच्या पिकावर अवलंबून आहे, अशी माणसं प्रत्येक गावात होती. नुकसानभरपाईच्या याद्या झाल्या तेव्हा या माणसांना त्या याद्यांत जागा मिळणारच नव्हती.

गावाशेजारी देवराई असे. देवाच्या नावाने राखलेलं रान, जिथली काठीही कुणी मोडत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात सह्याद्रीच्या या पट्ट्यातल्या देवरायांचा अभ्यास केला आणि कितीतरी झरे, दुर्मीळ वेली, जुने वृक्ष केवळ या श्रद्धेपायी टिकले, हे दाखवून दिलं. खोऱ्याच्या तळाशी असलेलं असं रान पाण्यात गेलं, तर पैसे भरून ते कुठे विकत मिळणार होतं?

आता सावकाराच्या त्या वहीबद्दल. इंग्रजी अमलात रयतवारी आली, धारा रोख भरावा लागू लागला आणि जमीन गहाण टाकण्याजोगी, विकण्याजोगी वस्तू झाली. पाऊस हुकला, बैल मेला, पोरीचं लग्न निघालं की शेतकरी सावकाराच्या ओसरीवर. कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे. तो अंगठा उठवून परत यायचा. व्याजावर व्याज चढलं की कोर्टाचा हुकूमनामा आणि त्यानंतर जमीन सावकाराच्या नावावर. कसायला मात्र तोच शेतकरी, फक्त आता कूळ म्हणून, खंड भरून किंवा अर्ध्या वाट्याने. 1875 साली सुप्याला आणि नंतर पुणे-नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरात घुसून नेमके गहाणखतांचे कागद जाळले. आपला शत्रू कोणत्या पेटीत आहे, हे त्यांना पक्कं कळलेलं होतं. त्या दंग्यांनंतर 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या सोयीचा कायदा झाला, पण जमिनी हातातून जाणं थांबलं नाही.

मुळशी खोऱ्याची कथा याच वळणाची. व्होरांच्या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुखरी गोष्ट ही आहे की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनीची मालकी पुण्यातल्या सावकारांकडे गेलेली होती. त्यांतले अनेक जण पुण्याच्या राजकारणातल्या मंडळींच्या घरोब्यातले, काही तर त्याच वर्तुळातले. म्हणजे धरणाची बातमी आली तेव्हा एकाच खाचराला दोन धनी होते. एकाच्या हातात नांगर होता, तर दुसऱ्याच्या हातात कागद. पुढे जे घडलं ते सगळं या एका दुखण्यातून घडलं.

धरणाची ही टाटांची योजना आपल्या जागी मोठी होती, यात मला शंका नाही. मुंबईच्या गिरण्या लांबून येणाऱ्या कोळशावर चालत आणि शहरावर धुराचा थर बसे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस धरणात साठवायचा, बोगद्यातून आणि नळांतून तो पश्चिमेला कोकणात सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचा आणि त्या वेगावर वीज करायची, ही जमशेटजींच्या काळात रुजलेली कल्पना त्यांच्या मुलाने, दोराबजी टाटांनी, प्रत्यक्षात आणली. 1915 मध्ये लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीचं वीजघर सुरू झालं. आंध्रा नदीच्या पाण्यावर भिवपुरीचं वीजघर 1922 मध्ये आलं. तिसरी योजना नीला-मुळेची, वीजघर भिऱ्याला. त्यासाठी 1919 मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली.

कंपनीला जमीन हवी होती आणि हाताशी 1894 चा भूसंपादन कायदा होता. त्यात खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घेऊन देण्याची तरतूद होती. सार्वजनिक हित आहे असं सरकारने म्हटलं की पुरे. कायदा मालकाला विचारत होता की किंमत किती. जमीन द्यायची आहे का, हा प्रश्न त्यात नव्हता. आणि जो कसतो पण मालक नाही, त्याला तर कायदा जवळजवळ ओळखतच नव्हता.

1920 साली कंपनीची माणसं खोऱ्यात चर खणू लागली. एका शेतकऱ्याने आपल्या शेतात विचारल्याशिवाय चर खणायला हरकत घेतली, तेव्हा गोऱ्या इंजिनिअरने त्याच्यावर पिस्तूल रोखलं, असा प्रसंग या लढ्याच्या इतिहासात नोंदलेला आहे. या शेतकऱ्यांकडे प्रथम लक्ष देणाऱ्यांत विनायकराव भुस्कुटे होते. ते गावोगाव हिंडले, लोकांना एकत्र बसवलं. पुढे त्यांनीच या सत्याग्रहाची हकिगत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. ती नसती तर आज आपल्या हाती फारच थोडं उरलं असतं.

काळही तसाच पेटलेला होता. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकाराचा ठराव पक्का केला. पुण्यात टिळकांच्या माघारी न. चिं. केळकरांच्या भोवतीची मंडळी एकीकडे आणि गांधींच्या वाटेने जाऊ पाहणारी तरुण मंडळी दुसरीकडे, अशी ओढाताण सुरू होती. मुळशी ही सत्याग्रहाची नवी रीत महाराष्ट्राच्या भूमीवर अजमावून पाहण्याची जागा ठरली.

16 एप्रिल 1921. रामनवमीचा दिवस. सुमारे 1,200 मावळे, त्यांत बाया आणि मुलंही, धरणाच्या कामावर जाऊन बसले. कुणी हात उगारला नाही. मजुरांनी काम थांबवलं. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा होती. कंपनीला काही महिने काम तहकूब ठेवायला तयार व्हावं लागलं. ज्या माणसांनी कधी तहसील कचेरीसमोर मान वर केली नव्हती, त्यांनी देशातल्या सर्वांत बलाढ्य उद्योगघराण्याचं काम नुसतं बसून अडवलं. माझ्या मते महाराष्ट्राच्या शेतकरी इतिहासातला हा फार मोठा दिवस आहे आणि तो आपल्या दिनदर्शिकेत नाही याची मला खंत वाटते.

त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त मुळशीवर लिहिलं. टाटांनी कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलावं, अशी विनंती त्यांनी केली. योजनेने देशाला कितीही वरदानं मिळणार असली, तरी एका जरी गरीब माणसाला ती त्याच्या मनाविरुद्ध सोसावी लागत असतील तर त्यांचं मोल काय, असा त्यांचा सवाल होता. शंभर वर्षांत धरणांबद्दल, खाणींबद्दल, महामार्गांबद्दल जेवढं काही बोललं गेलं, त्याचा गाभा या सवालात आहे.

मग फूट पडली. सरकारने मोबदला देऊन जमीन घेण्याचा मार्ग कंपनीला मोकळा केला आणि कागद ज्यांच्या हाती होता त्यांना व्यवहार दिसू लागला. डोंगरातली, खंड वसूल करायला कटकटीची जमीन चांगल्या भावाने जात असेल तर सावकाराने नाही का म्हणावं? पुण्यातल्या पुढाऱ्यांपैकी अनेकांचं बोलणं 'जमीन देणार नाही' इथून सरकत 'भाव वाढवून द्या' इथवर आलं. कुळाला यातलं काहीच मिळणार नव्हतं. ज्याच्यासाठी जमीन म्हणजे पोट, त्याच्या लढ्याची बोलणी ज्याच्यासाठी जमीन म्हणजे रक्कम, तो करू लागला. यावर मी सौम्य शब्द शोधणार नाही. मुळशीच्या शेतकऱ्याला सरकारने आणि कंपनीने हरवलं हे खरं, पण त्याच्या पाठीशी उभं राहायला आलेल्यांपैकी काहींनी त्याला त्याआधीच सोडून दिलं होतं.

बापट सोडून गेले नाहीत. 1880 मध्ये पारनेरला जन्मलेला हा माणूस यंत्रविद्या शिकायला एडिंबरोला गेला होता. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केल्याने शिष्यवृत्ती गमावली, पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या मिळवली, परत येऊन वर्षानुवर्षं भूमिगत राहिला, तुरुंगात गेला. त्यामुळे यंत्राला घाबरणारा हा कुणी जुन्या वळणाचा माणूस होता, असं म्हणता येत नाही. धरण काय असतं आणि वीज काय असते हे तिथल्या बहुतेकांपेक्षा त्याला जास्त कळत होतं. तरी तो कुळांच्या बाजूने उभा राहिला आणि लोकांनी त्याला सेनापती म्हटलं.

डिसेंबर 1921 मध्ये दुसरी फेरी सुरू झाली. या वेळी सरकारने गय केली नाही. धरपकड झाली, शेतकऱ्यांबरोबर महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेले स्वयंसेवक पकडले गेले, बायाही तुरुंगात गेल्या. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे या लढ्यात शिक्षा भोगून आले. येरवड्याच्या तुरुंगात मुळशीच्या कैद्यांना काम कमी केल्याबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. गांधीजी त्या वेळी त्याच तुरुंगात होते. आपल्या तुरुंगवासाच्या आठवणींत त्यांनी मुळशीच्या कैद्यांबद्दल लिहिलं आहे. पण ते आत होते आणि बाहेर देशाचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. फेब्रुवारी 1922 मध्ये असहकाराची चळवळच मागे घेतली गेली. मुळशीचे लोक एकटे पडले.

कंपनीने भिंत बांधत आणली. एकेक घर मोबदला घेऊन उठू लागलं. जे उठत होते त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शेजारी गेला की इर्जिक मोडते, चार घरं गेली की वरचे बांध फुटायला लागतात, बलुतेदार गेला की नांगराचा फाळ कोण ठोकणार? गाव ही अशी वस्तू आहे की अर्धं उरत नाही. डिसेंबर 1924 मध्ये बापटांनी थोड्या साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली. त्या वेळी त्यांच्या हातात पिस्तूल आणि तलवार होती. सत्याग्रहाची मर्यादा त्यांनी जाणूनबुजून ओलांडली आणि त्याची शिक्षाही पत्करली. सात वर्षांची सजा झाली. इथे लढा संपला.

1927 मध्ये धरण पूर्ण झालं. सुमारे दीड किलोमीटर लांबीची दगडी भिंत, तिच्यामागे सुमारे साडेअठरा टीएमसी पाणी. भिऱ्याची जनित्रं फिरू लागली आणि मुंबईत वीज पोचली.

लोक कुठे गेले? याचं एक उत्तर नाही, कारण त्यांना कुठे न्यायचं हा विचारच कुणी केलेला नव्हता. पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे, असं म्हणणारा कायदा महाराष्ट्रात 1976 मध्ये आला, म्हणजे मुळशीचं धरण पूर्ण झाल्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. काही कुटुंबं पाण्याच्या रेषेच्या वर सरकली आणि वरकस उतारावर नवी खोपटं बांधून राहिली. काही पौड खोऱ्यात नातेवाइकांकडे गेली. काही पुण्या-मुंबईत हमाली, गिरणी, घरकाम यांत मिसळली. मोबदल्याची रक्कम ज्यांना मिळाली त्यांनाही त्यातून दुसरीकडे खाचर उभं करता आलं नाही, कारण खाचराबरोबर राबाचा डोंगर, गुरांचं रान, झरा आणि शेजारी हे सगळं लागतं आणि मोबदला फक्त एकराचा होता.

या ठिकाणी एक हिशोब मांडायला हवा. 1948 मध्ये मुंबई राज्याने कूळ कायदा केला. त्यातल्या दुरुस्तीनुसार 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. महाराष्ट्रातल्या लक्षावधी शेतकरी कुटुंबांच्या सातबारावरचं नाव त्या दिवसाचं ऋणी आहे. नीला-मुळेचं खोरं आणखी तीस वर्षं टिकलं असतं तर 'जान किंवा जमीन' म्हणणाऱ्या कुळांची मुलं त्याच खाचरांची कायदेशीर मालक झाली असती. सत्याग्रहींची मागणी स्वतंत्र भारताच्या कायद्याने मान्य केली, फक्त ती मान्य झाली तेव्हा त्यांची जमीन पाण्याखाली होती.

धरणाने आणखी एक गोष्ट बदलली. मुळेचं पाणी पूर्वेला वाहत पुण्याला येतं, मुठेला मिळतं, भीमेत जातं, पंढरपुराला पोचतं. आज मुळशीत साठलेलं पाणी वीज करून भिऱ्याला उतरतं आणि कुंडलिकेतून कोकणात जातं. कोलाडला राफ्टिंग करायला जाणारे पुणेकर ज्या प्रवाहावर तरंगतात तो याच पाण्याचा. पुण्याची तहान वाढली तशी हे पाणी पुन्हा पूर्वेला वळवावं ही मागणी वाढत गेली आहे. मागणी रास्त असेल. पण त्या चर्चेत शहर, कंपनी आणि उजनीखालचे बागायतदार एवढ्यांचीच नावं येतात. काठावरच्या वाड्यावस्त्यांच्या मागण्या गावठाण, रस्ता, पिण्याचं पाणी अशा साध्या आहेत आणि धरणाच्या शंभर वर्षांनंतर त्या अजून मागण्याच आहेत.

मुळशी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडी आहे. तिथे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि जमिनीचे भाव आभाळाला भिडले. या वेळी शेतकऱ्याच्या नावावर जमीन होती आणि ती त्याने स्वतः विकली. पैसा आला, गेला आणि ज्या जागेवर बाप शेती करायचा तिथल्या सोसायटीच्या फाटकावर मुलगा पहारा करू लागला. 2018 च्या 'मुळशी पॅटर्न' चित्रपटाने ही गोष्ट घराघरात पोचवली. दोन्ही वेळा मोबदला दिला गेला आणि दोन्ही वेळा शेती संपली. पहिल्या वेळी मात्र लोकांनी नको म्हटलं होतं, ते मोठ्याने म्हटलं होतं आणि त्यासाठी ते तुरुंगात गेले होते.

मुळशीनंतर कोयना झालं, पानशेत झालं, उजनी झालं. धरणग्रस्तांच्या चळवळीतून 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही मागणी पुढे आली आणि कायद्यात उतरली. 1894 चा तो भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून गेला आणि नव्या कायद्यात जमिनीवर जगणाऱ्या, पण मालक नसलेल्या कुटुंबांनाही बाधित मानलं गेलं. मुळशीच्या कुळाला, बलुतेदाराला, कातकऱ्याला जे हवं होतं ते कायद्याच्या पुस्तकात यायला नव्वद वर्षं लागली.

एप्रिल 2021 मध्ये सत्याग्रहाची शताब्दी आली. ते साथीचे दिवस होते, सगळे घरात कोंडलेले. शताब्दी हुकली तरी काम हुकू नये. त्या गावांत कोण राहत होतं, कोण कुठे गेलं, कुणी तुरुंगवास भोगला, हे सांगणारी माणसं आता तिसऱ्या-चौथ्या पिढीत आहेत. भूसंपादनाच्या दप्तरात मालकांची नावं मिळतील. कुळांची, मजुरांची, लावणीच्या बायांची नावं तिथे सापडणार नाहीत. ती फक्त घरांत आहेत: वंशावळीत, कुलदैवताच्या ठिकाणाच्या आठवणीत, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. तुमच्या घराचं मूळ गाव मुळशीच्या पाण्याखाली गेलेलं असेल, तर या दिवाळीत घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. गावाचं नाव, वाडीचं नाव, खाचरांची नावं, पणजोबा-पणजीची नावं विचारून तारखेनिशी लिहून काढा आणि त्याची एक प्रत जवळच्या ग्रंथालयात किंवा ग्रामपंचायतीत द्या.